जुनं काढू का?

आधी माफी मागतो. लेख लिहिण्याइतकं मला येतं, असं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडं अर्ज, आणि अर्जाच्या शेवटी सही. परीक्षेतली उत्तरं सोडली तर मी आजवर एकच मोठं काही लिहिलं, तो कॉलेजचा प्रकल्प होता, आणि तो चुकीचा निघाला. त्यातून ही गोष्ट बायांच्या गाण्यांची. ती बायांनीच लिहायला हवी, एवढं मला कळतं. पण ज्यांची ती आहे त्यांना सवड नाही, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याला ती गप्प बसू देत नाही. म्हणून लिहितो. उणंअधिक झालं तर सांभाळून घ्यावं.

सोयाबीन पुन्हा पिवळं पडलं आहे. पानं गळून नुसत्या शेंगा उरल्या, की आमच्या शिवाराचा आवाजच बदलतो. दुपारचं ऊन चढलं की उभ्या पिकात शेंगा तडकतात, कुणी बारीक काड्या मोडत बसल्यासारख्या. दोन दिवस उशीर झाला तर दाणे जमिनीवर, म्हणून सगळ्यांची एकच घाई. बाया गुत्त्यानं सोंगणी घेतात, म्हणजे कापणी एकरावर ठरवून, आणि सूर्य निघायच्या आत पिकाच्या ओळीला, तासाला लागतात. वाळलेल्या शेंगांची टोकं हाताला बोचतात, म्हणून जुने मोजे हातात घातलेले, डोक्याला रुमाल, आणि ओच्यात खोचलेला बटनाचा मोबाइल. त्यात गाणं चालू असतं.

ते गाणं बांधावर उभ्या माणसाला ऐकू येत नाही. शेजारच्या दोन तासांना येतं, तेवढंच. माणसं ट्रॅक्टरवर गाणं लावतात तेव्हा ते तीन शेतं ओलांडून जातं आणि जावं म्हणूनच लावलेलं असतं. बायांचं गाणं विळ्याच्या सरसर आवाजाच्या वर जात नाही. हा फरक मी लहानपणापासून पाहत आलो, पण तो फरक आहे हे मला कळायला कॉलेजचा प्रकल्प लागला.

गेल्या वर्षी मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, रिसोडला. समाजशास्त्राच्या मॅडमनी हजेरीच्या नंबराप्रमाणं विषय वाटले. कुणाला साबण आला, कुणाला चहापत्ती, माझ्या मित्राला, अमोलला, चपला आल्या. माझ्या वाट्याला आलं, ‘संगीताच्या खरेदीत स्त्री-पुरुषांच्या सवयींमधील फरक’. वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण मॅडम म्हणाल्या, जा, दुकानात बस, बघ, लिही. जे दिसेल तेच लिही.

जे दिसेल तेच लिही. मी अगदी तसंच केलं.

स्टँडजवळ प्रवीणभाऊंचं मोबाइलचं दुकान आहे. मूळ शिरपूरचे, जैन घरातले, बोलायला मोकळे. रिचार्ज, कव्हर, चार्जर, आणि एका कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर, ज्यातून ते मेमरी कार्डात गाणी भरून देतात. आमच्याकडं गाणं विकत घेणं म्हणजे हेच. मी काउंटरच्या बाजूला स्टूल टाकून निरीक्षणाचा फॉर्म घेऊन बसायचो. प्रवीणभाऊ मला मास्तर म्हणायचे. आज किती माणसं मोजली मास्तर, असं येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर विचारायचे. सगळे हसले की मी फॉर्ममध्ये तोंड घालायचो.

माणसं यायची ती दुरूनच बोलत यायची. कार्ड काउंटरवर टाकायचं आणि म्हणायचं, नवीन काय आलं ते टाक. नाव कुणी सांगत नसे. नवीन पाहिजे, जोराचं पाहिजे, आणि शेजाऱ्याकडं आहे त्यापेक्षा जास्त पाहिजे. ट्रॅक्टरवाले, जीपवाले, थ्रेशरवाले. प्रवीणभाऊ कार्ड आत सारायचे आणि स्क्रीनकडं बघत विचारायचे, “जुनं काढू का?” उत्तर प्रत्येक वेळी तेच. “काढ ना, कोन ऐकते ते.” एकजण तर म्हणाला, मागच्या महिन्याचं गाणं ऐकणं म्हणजे शिळी भाजी. मी ते लिहून घेतलं. पुरुष ग्राहक जुनी गाणी काढून नवी घेतात. निरीक्षण क्रमांक चार.

बायांच्या रकान्यात मात्र काहीच येईना. तीन आठवड्यांत एक बाई आली, ती चार्जर घ्यायला. प्रवीणभाऊंना विचारलं तर ते माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, “मास्तर, तू खराच भोळा हाय का रे? मोठे फोनवाले माणसं आता नेटवर फुकट ऐकतात. ट्रॅक्टरवाले सोडले तर हा कोपरा बायायच्याच जिवावर चालू हाय. बटनाचा फोन त्यायच्याच हातात राह्यला ना. पन बाई कायले येते इथं? चिठ्ठी येते.”

आणि चिठ्ठ्या आणणाऱ्यांत एक मीच होतो. हे लिहिताना आजही कान गरम होतात. रोज सकाळी गावातून जीपनं रिसोडला जाणारा मी एकटाच कॉलेजवाला. आमच्या गल्लीतल्या बाया माझ्या हातात कार्ड द्यायच्या, नखाएवढं कार्ड, कागदात गुंडाळून सेफ्टी पिन लावलेलं, कागदावरच गाण्यांची यादी. मी ती खिशात टाकायचो, दुकानात द्यायचो, परत आणायचो, आणि मग स्टुलावर बसून लिहायचो की स्त्री ग्राहक आढळल्या नाहीत. खिशात सहा-सात बायांची कार्डं आणि फॉर्मवर शून्य.

त्या चिठ्ठ्या मी आधी कधी वाचल्या नव्हत्या. प्रकल्पामुळं वाचू लागलो. त्यांत गायकाचं नाव नसे, सिनेमाचंही नसे. कुठं ऐकलं ते असे. ‘रत्नाच्या लग्नात वरात पाराजवळ थांबली तेव्हा वाजलं ते.’ ‘पुसदच्या गाडीत लागलं होतं, बाई हळू म्हनते ते.’ ‘माझं बाळंतपण झालं तेव्हा शेजारी रोज लावत होते, नाव मालूम नाही, त्यात पावसाचं हाय.’ एकीनं लिहिलं होतं, मागच्या वेळचं तिसरं गाणं अर्धंच आलं, ते पुरं करून देणे. प्रवीणभाऊ या चिठ्ठ्या परीक्षेचा पेपर सोडवावा तशा सोडवायचे. तीन-तीन गाणी वाजवून बघायचे, मला विचारायचे, रत्नाचं लग्न कोणत्या साली झालं रे, आणि मग अंदाजानं एक टाकायचे. अंदाज बरोबर निघाला की दुसऱ्या दिवशी ती बाई मला दारातच थांबवून सांगायची, हेच होतं भाऊ, हेच होतं.

माणसाला नवीन गाणं हवं असतं आणि बाईला एकदा ऐकलेलं परत हवं असतं, असं मी मोठ्या अभिमानानं वहीत लिहून ठेवलं. वाक्य मला फार आवडलं होतं. वाक्य आवडलं की माणूस पुढं बघायचं थांबतो, असं आता वाटतं.

माझी वहिनी धनजची आहे, कारंजा तालुक्यातली. आमच्या गावाहून तिचं माहेर म्हणजे तीन गाड्या. तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती. ती कमी बोलते, पण तिच्या ओच्यातला फोन सहसा बंद नसे. भाकरी थापताना, कपडे धुताना, सोंगताना. दादा तिला चिडवायचा, की हिला नवऱ्यापेक्षा फोन बरा, तो उलटून बोलत नाही. ती हसायची आणि आवाज आणखी कमी करायची. ती काय ऐकते, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. गाणी ऐकते, बस.

ऐन सोंगणीत, बाजाराच्या दिवशी, तिनं मला कार्ड दिलं. चिठ्ठीत सात गाणी होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सोयाबीन घेऊन आलेली माणसं आणि त्यांचे फोन. स्टँडवर आमच्या गावची जीप भरत आली होती. मी एका हातानं फॉर्म भरत होतो. प्रवीणभाऊंनी वहिनीचं कार्ड आत सारलं आणि म्हणाले, “फुल्ल हाय बापा हे. जुनं काढू का?”

दिवसभर तो प्रश्न आणि ते उत्तर माझ्या कानावर पडत होतं. मी मानही वर केली नाही.

“काढून टाका.”

एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडं भरत गेली. त्याला चहाचा घोट घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

संध्याकाळी वहिनी चुलीजवळ होती. कार्ड फोनमध्ये घालून तिनं बटनं दाबली, थांबली, परत दाबली. मग मला हाक मारली.

“भाऊजी, रेकॉर्डिंगचं काईच दिसून नाही राह्यलं.”

मी सांगितलं, कार्ड भरलं होतं, जुनं काढलं, तुझी सातही गाणी आली आहेत.

“समदंच काढलं?”

“हो, समदंच.”

ती बरं म्हणाली. कार्ड बाहेर काढलं, पदरानं पुसलं, परत घातलं. मग पुन्हा काढलं आणि पुन्हा पुसलं. असं तिनं तीनदा केलं. मी उभाच होतो. मला अजून काही कळलं नव्हतं, फक्त काहीतरी चुकलं एवढं कळलं होतं.

दादाला कळलं ते दुसऱ्या दिवशी, वहिनी शेतात कुणाशी बोलेना तेव्हा. तो म्हणाला, गाण्यांपायी कोणी तोंड पाडते का, पोऱ्या उद्या दुप्पट भरून आणील. वहिनीनं विळा खाली ठेवला. चार वर्षांत मी तिला दादाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलताना पहिल्यांदा पाहिलं.

“माह्या मायचा आवाज होता त्याच्यात,” ती म्हणाली. “भरून आना.”

तिच्या आईला त्या उन्हाळ्यात लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले होते, हात कदाचित येईल, वाचेचं सांगता येत नाही. आम्ही सगळे भेटून आलो होतो. मीही गेलो होतो, सफरचंदं घेऊन. पण त्याच्या आदल्या वर्षी वहिनीनं आपल्या आईची गाणी फोनवर घेतली होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. हळदीची, पाळण्याची, शेतात निंदताना म्हणायची. त्यांच्या भागातल्या बाया तिच्या आईला लग्नाकार्यात मुद्दाम बोलावत, कारण तिच्याइतकी गाणी कुणाला येत नसत. तीच आई दिवसभर वहिनीच्या ओच्यात गात होती आणि दादा म्हणत होता, ही गाणी ऐकते.

मी त्याच दिवशी कार्ड घेऊन रिसोडला पळालो. प्रवीणभाऊंनी गिऱ्हाईक बाजूला केलं. आता यात काहीही टाकायचं नाही म्हणाले, आणि दोन तास काय काय करून पाहिलं. काही आलं नाही. मग कार्ड माझ्या हातात देत ते जे बोलले, ते माझ्या प्रकल्पात यायला हवं होतं. “मले इचाराले पाह्यजे होतं, कार्ड कोनाचं म्हनून. मानूस तर काढच म्हनते. बाई काय म्हनते, मले काय मालूम? समोर आलीच नाही कधी.”

गल्लीतल्या बायांना मी नंतर विचारलं. कार्ड भरलं तर तुम्ही काय करता? त्यांना प्रश्नच कळेना. भरलं तर दुसरं आणायचं, एक म्हणाली. एका मावशीकडं पाच कार्डं होती, कुंकवाच्या डबीत. कुणीही कधी काही काढलेलं नव्हतं. काढू नका असं कुणी चिठ्ठीत लिहिलंही नव्हतं, कारण ऐकलेलं गाणं कुणी काढून टाकतं, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. आणि मी, जो त्यांचं कार्ड नेत होतो, त्यांच्या वतीनं उत्तर देताना माणसाचं उत्तर देऊन मोकळा झालो. वहिनीच्या आधी किती जणींचं असं झालं असेल? मी आठवून पाहतो. आठवत नाही. जीप सुटायची घाई असली की मी काय बोललो, ते माझं मलाच आठवत नाही.

दिवाळीनंतर मी वहिनीला घेऊन धनजला गेलो. मनात एक वेडी आशा होती. वाशीमला गाडी बदलली, कारंज्याला बदलली, सगळ्या रस्त्यानं ती खिडकीशी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, रामनाम. नंतर कळलं, ती गाणी आठवत होती.

तिची आई ओसरीत बाजेवर बसलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र पूर्वीसारखेच तीक्ष्ण. वहिनीनं तिला काय झालं ते सांगितलं नाही. नुसती बाजेच्या कडेला बसली आणि गाऊ लागली. नवरी घरातून निघते तेव्हाचं गाणं होतं. घरातली एकेक वस्तू तिला काहीतरी सांगते. पहिल्यांदा उंबरठा बोलतो. मग चूल बोलते. आई डाव्या हातानं बाजेच्या लाकडावर ठेका धरू लागली. मी हळूच माझ्या फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं.

तिसरी वस्तू कोण, तिथं वहिनी अडली.

तिनं जातं घेतलं. आईनं मान हलवली, नाही. तुळस घेतली. नाही. वहिनीची भावजय आतून आली, ती म्हणाली दावणीची गाय असंल. आईनं जोरात मान हलवली. पाट, शिंकं, रांजण, माळवदाची खिडकी, आम्ही जे सुचेल ते म्हणत गेलो. मीही म्हणालो. प्रत्येक वेळी मान नाही म्हणायची. तिला माहीत होतं. ओळ तिच्या आत होती, पुरी, सुरासकट, आणि ती आमच्याकडं अशी बघत होती जशी एखादी बाई नदीपलीकडून हाका मारणाऱ्या बावळट लोकांकडं बघेल. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. शेवटी तिनं बाजेवर एक थाप मारली, तोंड उघडलं, आणि त्यातून नुसता बा, बा असा आवाज आला. वहिनीनं तिचा तो हात धरला आणि म्हणाली, राहू दे माय, राहू दे.

माझ्या फोनमध्ये ते आहे. उंबरठा, चूल, ठेका, आणि मग आमची बडबड.

प्रकल्प मी वेळेवर जमा केला. शेवटी एक पान जोडलं होतं, यात चूक आहे म्हणून. बाया विकत घेतात पण दिसत नाहीत, असं लिहिलं होतं. मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, हे खरं असेल, पण फॉर्ममध्ये आलेलं नाही ना. निष्कर्ष फॉर्मवरूनच निघतो. त्यांचंही बरोबर होतं. मला चांगले गुण मिळाले. ‘स्त्रियांमध्ये संगीत खरेदीचे प्रमाण नगण्य’ या वाक्याखाली त्यांनी लाल शाईनं बरोबरची खूण केली. ती वही मी घरी आणली, पण कुठं ठेवावी ते समजेना.

होळीला अमोलनं सांगितलं की त्याचा मावसभाऊ पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे, गेलेलं परत काढायचं काम तिथं होतं. मी माझ्याकडंच राहिलेलं कार्ड अमोलच्या हाती पाठवलं. वहिनीला सांगितलं नाही. एकदा तिचा विश्वास माझ्या खिशातून गेला होता, आता आशा परत त्याच खिशात ठेवायला मला धीर झाला नाही. महिने गेले. मी विचारायचो, मावसभाऊ म्हणायचा बघतो, गर्दी आहे. पेरणी झाली, डवरणी झाली. वहिनी आता फोन वापरते तो फक्त बोलायला. कार्डाची जागा तिनं रिकामीच ठेवली आहे. दादानं एकदा स्वतःहून नवं कार्ड भरून आणलं, नवीन गाण्यांचं. तिनं ते त्याच्यासमोर हसून घेतलं आणि माझ्या आईला देऊन टाकलं. दादाला ते दिसलं. त्या दिवसापासून तो ट्रॅक्टरवर गाणं लावत नाही.

परवा दुपारी आम्ही सगळे सोंगणीला होतो. माझा फोन वाजला. अमोलचा मावसभाऊ होता. काम झालं म्हणाला, खूश होता. दोनशेच्या वर गाणी परत आली, एकदम स्वच्छ, पाठवू का? मी दोन-तीन नावं विचारली आणि कळलं, ती दादाची होती. ते कार्ड लग्नाआधी दादाच्या फोनमध्ये होतं. वहिनीनं कधीच न काढलेली, कुणालाच नको असलेली ती सगळी गाणी परत आली होती. मी विचारलं, बाईच्या आवाजाचं काही? तो म्हणाला, त्याच्यावर दुसरं बसलं भाऊ, ते गेलं. फक्त एक तुकडा उघडला, अकरा सेकंदांचा, त्यात गाणं नाही.

त्यानं तो पाठवला. मी बांधावर बाभळीच्या सावलीत गेलो. समोर वहिनी तासाला होती, पाठमोरी, इतर बायांच्या दोन हात पुढं. तिला अजून काही माहीत नाही. हे लिहीपर्यंतही मी तिला सांगितलेलं नाही. आज सांगेन, उद्या सांगेन, असं करतो आहे. मी फोन कानाला लावला.

आधी भांडं ठेवल्याचा आवाज. मग वहिनीचा, हसरा, आमच्या घरात मी कधी न ऐकलेला. “माय, म्हन ना व. चालू केलं म्या.” मग कुणीतरी घसा साफ करतं. आणि मग एक भरलेला, सावकाश आवाज, जणू त्याच्याकडं कितीही वेळ आहे.

“कोनतं म्हनू, बाई?”

पुढं काही नाही.